टाकी रिकामी आणि काटा अर्ध्याला: जुन्या बोटीच्या पेट्रोल गेजबद्दल मदत हवी आहे

सुकाणू · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

नऊ दिवसांपूर्वी आमची बोट पाण्यात मध्येच बंद पडली. इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प झालं. काटा तेव्हा अर्ध्याच्या जरासा खाली होता, त्यामुळे पेट्रोल संपलं असेल ही शंकासुद्धा मनात आली नाही. पाऊण तास मी फिल्टर, प्लग, वायरी तपासत बसले. बरोबर माझा अकरा वर्षांचा मुलगा होता. वारा आम्हाला किनाऱ्यापासून लांब नेत होता आणि पाणी इतकं खोल होतं की नांगर तळाला लागत नव्हता. शेवटी एका बोटवाल्याने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. मी कॅनमधून तीस लिटर पेट्रोल मोजून ओतलं, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. म्हणजे टाकी कोरडी होती. दुसरं काहीही बिघडलेलं नव्हतं.

आता खरा प्रश्न. ते तीस लिटर ओतल्यावर काटा पाऊण टाकीच्याही वर जाऊन बसलाय. टाकी शंभर लिटरची आहे!

बोटीची माहिती देते. १९९१ सालची, साडेपाच मीटर, फायबरची, आत बसवलेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. टाकी प्लॅस्टिकची, फळीखाली मधोमध. तिच्या डोक्यावर एक गोल झाकण आहे, ते काढलं की टाकीवरचा सेंडर, म्हणजे पेट्रोलची उंची गेजला कळवणारा भाग, आणि त्याच्या दोन वायरी दिसतात. बाबांनी ही बोट वापरलेलीच घेतली आणि एकोणीस वर्षं चालवली. त्यांची नजर अधू झाल्यापासून गेले दोन हंगाम मी चालवते. गेज मूळचंच असावं. डायलवर ०, १/२ आणि ४/४ असे आकडे आहेत.

आणखी एक गोष्ट, उपयोगाची असेल तर. टाकी पूर्ण भरली की काटा ४/४ च्याही पलीकडे जाऊन टेकतो आणि बराच वेळ हलतच नाही. मला वाटायचं जुनं गेज आहे, सुस्त असेल.

नवं गेज मागवू का? की सेंडर? माझ्याकडे मल्टीमीटर आहे, पण त्यावर बॅटरीचे व्होल्ट बघण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. मला हे नुसतं दुरुस्त करून घ्यायचं नाही, समजून घ्यायचंय. त्या पाऊण तासात मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते परत बघायची माझी तयारी नाही.

---

खारंपाणी · शनिवार, रात्री १०.१५

ताई, दोघं सुखरूप आलात हे महत्त्वाचं.

गेज तपासायची सोपी रीत आहे. डॅशबोर्डच्या मागे हात घाला. गेजला तीन वायरी असतील: 'आय' म्हणजे किल्लीकडून येणारे बारा व्होल्ट, 'जी' म्हणजे ग्राउंड आणि 'एस' म्हणजे सेंडर. किल्ली चालू ठेवून 'एस'ची वायर काढा, काटा शून्याला पडला पाहिजे. मग 'एस' आणि 'जी' तारेच्या तुकड्याने जोडा, काटा फुल्लला गेला पाहिजे. असं झालं नाही तर गेज गेलं, बदलून टाका.

माझ्या अनुभवात तीस वर्षं जुनं गेज म्हणजे बदलायचंच. मिठाची हवा आत शिरते, काटा घासायला लागतो.

---

सुकाणू · रविवार, सकाळी ११.०५

सकाळी करून बघितलं. पण माझ्या गेजवर 'एस' नाहीच! मागे तीन टोकं आहेत: अधिक, उणे आणि 'जी'. आधी मी गोंधळले. मग वायरींचा माग काढला. अधिकवरची किल्लीच्या स्विचकडे जाते, उणेवरची काळी वायर बाकीच्या सगळ्या गेजांच्या काळ्या वायरींना मिळते आणि 'जी'वरची एकटीच फळीखाली टाकीकडे जाते. म्हणून सेंडरची वायर तीच असणार असं धरलं.

'जी'ची वायर काढली तर काटा ४/४ च्या पलीकडे जाऊन टेकला. 'जी' आणि उणे जोडले तर काटा सरळ शून्यावर आला. तुम्ही सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं.

म्हणजे गेज गेलं ना? मागवायच्या बेतात आहे, पण दोन्ही वेळा काटा इतका ठामपणे हलला की बिघडलेलं यंत्र असं वागेल का, अशी शंका येते.

---

ओहमवाला · रविवार, दुपारी १.३०

थांबा, गेज मागवू नका. तुमची शंका बरोबर आहे. गेज ठणठणीत आहे.

बोटींमध्ये सेंडरच्या दोन पद्धती सर्रास भेटतात. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना सेंडर २४० ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दाखवतो आणि भरल्यावर ३३ च्या आसपास. युरोपी पद्धतीत रिकाम्याला १० आणि भरल्यावर १८०. एकीत पेट्रोल वाढलं की ओहम घटतात, दुसरीत वाढतात. खारंपाणी यांनी सांगितलेली चाचणी अमेरिकी गेजसाठी अगदी बरोबर आहे. तुमचं गेज युरोपी आहे. 'जी' हे अक्षर त्याची खूण. अमेरिकी गेजवर 'जी' म्हणजे ग्राउंड, पण जर्मन पद्धतीच्या गेजवर 'जी' म्हणजे 'गेबर', म्हणजेच सेंडर. तुम्ही अक्षरावर न जाता वायरीचा माग काढलात ते फार चांगलं केलंत. घाईत 'जी'ला ग्राउंड समजून बारा व्होल्ट चुकीच्या टोकाला दिले तर सेंडरमधली बारीक तार जळू शकते.

वायर काढली म्हणजे गेजच्या लेखी ओहम अफाट झाले, काटा वर गेला. उणेला जोडली म्हणजे शून्य ओहम, काटा खाली. दोन्ही टोकं नीट गाठली. आता गेजला विसरा.

तुम्ही 'उपयोगाची असेल तर' म्हणून जे लिहिलंत ना, ते या सगळ्या प्रश्नातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे. टाकी भरली की काटा ४/४ च्या पलीकडे जातो आणि तिथेच राहतो. सुस्त काटा पलीकडे जात नाही. तो पलीकडे जातोय याचा अर्थ गेजला १८० पेक्षा जास्त ओहम दिसताहेत. टाकी कोरडी असताना काटा अर्ध्याच्या खाली होता, म्हणजे तिथेही दहाऐवजी ऐंशीच्या घरात दिसत होते. दोन्हीकडे सत्तर-एक ओहम जास्तीचे. टाकी भरलेली असो की रिकामी, ओझं तेवढंच. असे कायमचे चिकटलेले ओहम सेंडरच्या आत क्वचित असतात. ते वायरीत, जोडात किंवा सेंडरच्या निगेटिव्हमध्ये असतात.

यातली गोम अशी की हाच बिघाड अमेरिकी पद्धतीच्या बोटीत झाला असता तर जास्तीच्या ओहममुळे काटा खाली पडला असता. माणूस वैतागून लवकर पेट्रोल भरतो, धोका काही नाही. युरोपी पद्धतीत तोच कळंकलेला जोड टाकी भरलेली असल्याची खोटी ग्वाही देतो. निगेटिव्ह पूर्ण तुटली तर काटा ४/४ वर जाऊन बसतो आणि टाकी कोरडी होईपर्यंत तिथेच राहतो. त्यामुळे अशा बोटीत 'काटा वर आहे' ही बातमी आनंदाने घेऊ नये.

तुमची टाकी प्लॅस्टिकची आहे, हेही लक्षात घ्या. धातूच्या टाकीला बहुधा वेगळी ग्राउंड वायर असते आणि सेंडरचे स्क्रू त्या धातूत बसतात, त्यामुळे निगेटिव्हला दुसरी वाट मिळते. प्लॅस्टिकच्या टाकीत सेंडरच्या कडेवरची ती एकच काळी वायर, तीच वाट.

आता मोजणी. आधी काळजी, कारण टाकी पेट्रोलची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते आणि वरच्या वाऱ्याने आपोआप निघून जात नाही. झाकण उघडा, तळाचा ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवा, वास घ्या. वास आला तर काम तिथेच थांबवा आणि आधी गळती शोधा. वास नसेल तर बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, मगच टाकीपाशी हात घाला. तिथे तारेचा तुकडा जोडून ठिणगी पाडायची कोणतीही चाचणी करू नका. ती डॅशबोर्डच्या टोकालाच करायची आणि ती तुमची झालेली आहे.

मुख्य स्विच बंद असताना मल्टीमीटर ओहमवर लावा. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय येतं ते टिपा, तेवढं पुढे वजा करायचं. मग डॅशबोर्डमागे 'जी'ची वायर गेजपासून सोडवा आणि त्या वायरीचं टोक ते गेजच्या उणेवरची काळी वायर असं मोजा. हा पहिला आकडा. नंतर टाकीपाशी जा, सेंडरवरच्या दोन्ही वायरी काढा आणि थेट सेंडरच्या दोन टोकांमध्ये मोजा. हा दुसरा.

दुसरा आकडा सेंडरचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो वाटेतला चोर. दोन्ही आकडे इथे लिहा.

---

दोन_टाक्या · रविवार, दुपारी ३.१०

ओहमवाल्यांनी सांगितलं त्याच क्रमाने जा, मी उलट क्रमाने गेलो होतो म्हणून लिहितो. मी आधी सेंडर बदलला. पाच स्क्रूंची गोल चकती, त्यातलं एक भोक मुद्दाम जरा सरकवलेलं असतं, म्हणजे चकती एकाच दिशेने बसावी. मला ते माहीत नव्हतं. मी ती दाबून बसवली, खालचं रबर मुरगळलं आणि पुढचे आठ दिवस फळीखाली पेट्रोलचा वास. त्या आठ दिवसांत काय होऊ शकलं असतं याचा विचार मी अजून करतो. आणि गेज होतं तसंच, कारण बिघाड वायरीत होता. टाकी उघडणं हा शेवटचा उपाय.

ताई, एक विचारायचं होतं. दिवे किंवा तळातला पंप चालू केला की काटा हलतो का? हलत असेल तर सगळ्यांच्या सामायिक निगेटिव्हमध्येच कमजोरी असते. हलत नसेल तर सेंडरच्या एकट्याच्या फांदीत.

आणि दुरुस्ती होईपर्यंत तिसऱ्या हिश्श्याने चाला: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. तेही कॅनने मोजून टाकलेल्या पेट्रोलवर, काट्यावर नाही.

---

सुकाणू · सोमवार, रात्री ८.२०

दिवे, पंप, हॉर्न सगळं लावून बघितलं. काटा जागचा हलत नाही.

मोजणी केली. झाकण उघडून ब्लोअर चालवला, वास नव्हता, मुख्य स्विच बंद केला. पिना एकमेकींना टेकवल्यावर ०.४ येत होते, ते वजा करून लिहिते.

डॅशबोर्डच्या टोकाला: १४६.
थेट सेंडरवर: ७२.

म्हणजे चोर ७४ ओहमचा! तुम्ही न बघता सत्तर-एक म्हणाला होतात. आकडा लिहून घेताना माझा हात थरथरला, कारण पहिल्यांदाच ही गोष्ट 'जुनी आहे, असंच चालायचं' या खात्यातून बाहेर आली.

मी १० ते १८० असा हिशोब मांडून बघितला. ७२ म्हणजे छत्तीस टक्के उंची. टाकीत तीस-बत्तीस लिटर आहे. टाकी खाली निमुळती आहे, त्यामुळे तळाला कमी पेट्रोलात जास्त उंची भरते, तेव्हा हे जुळतं असं मला वाटतं. बरोबर आहे का? असेल तर सेंडर चांगला आहे.

आता दोन वायरींपैकी कोणती दोषी, हे कसं ओळखायचं? एक टोक डॅशबोर्डमागे, दुसरं टाकीपाशी. मल्टीमीटरच्या पिना काही चार मीटर लांब नाहीत.

---

ओहमवाला · सोमवार, रात्री ९.००

हिशोब बरोबर. सेंडर चांगला आहे, त्याला हात लावू नका.

पिना पुरत नसतील तर तिसरी वायर घ्या. पाच-सहा मीटरची कुठलीही चांगली वायर, दोन्ही टोकं सोललेली. ती फळीवरून, बाहेरून टाका. एक टोक डॅशबोर्डमागे 'जी'च्या वायरीला पिळून जोडा, दुसरं टाकीपाशी आणा. तिथे सेंडरपासून सोडवलेली 'जी'ची वायर आणि ही बाहेरची वायर यांच्यामध्ये मोजा. चांगल्या वायरीला एखाद-दुसऱ्या ओहमच्या आत यायला हवं. मग डॅशबोर्डकडचं टोक गेजच्या उणेला जोडून काळ्या वायरीचं तसंच करा. मुख्य स्विच या सगळ्या वेळात बंदच.

मोजताना दुसऱ्या कोणाला तरी वायर हलक्या हाताने ठिकठिकाणी हलवायला सांगा. आकडा नाचला की जागा सापडली. चांगल्या वायरीचा आकडा हलवल्याने बदलत नाही.

---

सुकाणू · बुधवार, रात्री १०.३०

सापडला.

'जी'ची वायर: ०.५ ओहम, हलवली तरी तेवढेच. काळी वायर: ७४. मुलाला आकडे वाचायला बसवलं आणि मी पोटावर झोपून वायर चाचपत मागे गेले. टाकीपासून हातभर अंतरापर्यंत काही नाही. मग तळाच्या पन्हळीजवळ बोट लावलं आणि तो ओरडला, "एकशेतीस! आता अठ्ठावन्न! आता परत एकशेदहा!"

तिथे टेपने गुंडाळलेला एक जोड होता. कोणीतरी फार पूर्वी वायर कमी पडली म्हणून दुसरा तुकडा जोडलेला. दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप. टेपचा डिंक पाघळून चिकट झाला होता आणि आत पाणी. टेप सोडवली तर तांब्याच्या जागी हिरवट पूड. पिळलेल्या तारा माझ्या बोटांत तुटल्या. आमची दोघांची त्या दिवशीची अख्खी फेरी या धाग्याएवढ्या तारांवर चालली होती.

मला वाटलं, जोडाची टोकं कापायची, ताजं तांबं काढायचं, नवीन जोड द्यायचा. कापली तर आत काळं. आणखी पाच सेंटीमीटर कापलं, तरी काळं. वीस सेंटीमीटरपर्यंत तांबं काळंच, वरचं आवरण मात्र नव्यासारखं. पाणी आवरणाच्या आतून तारांमधून चढत गेलं होतं. तेव्हा ठरवलं, पूर्ण वायर नवीन. सेंडरपासून निगेटिव्हच्या बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या काळ्या वायरी जिथे मिळतात त्या पट्टीपर्यंत, एकच सलग तुकडा, मध्ये जोड नाही.

वायर कथिल चढवलेली घेतली, दीड चौरस मिलिमीटरची. दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवले आणि वरून डिंकवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. ती तापवायचं काम बोटीबाहेर, जमिनीवर बसून केलं. वायर तळाच्या पाण्यापासून वर, फळीच्या कडेने क्लिपा लावून नेली. सेंडरवरचा जुना नट घासून चकचकीत केला. बसबारवर आधीचे तीन स्क्रू हिरवे दिसत होते, तेही सोडवून घासून परत लावले.

मग डॅशबोर्डच्या टोकाला मोजलं: ७३.

मुख्य स्विच चालू, किल्ली फिरवली. काटा उठला आणि तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर जाऊन थांबला. मुलगा म्हणाला, "आई, तो खरं बोलतोय." मी तिथेच फळीवर बसून राहिले थोडा वेळ.

---

खारंपाणी · गुरुवार, सकाळी ७.५०

ताई, फार छान काम केलंत. माझ्या सल्ल्यावर गेला असतात तर नवं गेज लागलं असतं आणि तेही खोटंच बोललं असतं. आणि बाजारातलं २४० ते ३३ वालं आणलं असतं तर तुमच्या सेंडरशी त्याचं जमलंच नसतं, भरलेली टाकी रिकामी आणि रिकामी टाकी भरलेली दिसली असती. यापुढे मी कोणालाही आधी 'तुमच्या गेजच्या मागे काय लिहिलंय' हे विचारेन.

आज संध्याकाळी माझ्याही बोटीची काळी वायर मोजतो.

---

ओहमवाला · गुरुवार, दुपारी १२.१५

अख्खी वायर बदललीत, हे सगळ्यांत शहाणपणाचं. नुसता जोड नवा केला असता तर वर्षभरात काळं तांबं परत भोवलं असतं. उघडं तांबं पाण्याने असंच काळं पडतं, म्हणून बोटीत कथिल चढवलेली तार.

आता एक काम राहिलं. काटा उंची दाखवतो, लिटर नाही. टाकी निमुळती असल्याने 'अर्धा' म्हणजे पन्नास लिटर असेलच असं नाही. पुढच्या वेळी दहा-दहा लिटर मोजून भरा आणि प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते टिपा. बोट पाण्यात तरंगत असताना करा, ट्रॉलीवर नको, कारण ट्रॉलीवर तिचा कल वेगळा असतो. चालताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलते, पेट्रोल मागे धावतं, त्यामुळे वेगात असतानाचा काटा धरू नका. इंजिन मंद करा, बोट सपाट होऊ द्या, मग वाचा.

---

सुकाणू · रविवार, सायंकाळी ७.१५

भरून झालं. बावन्न लिटरला काटा १/२ च्या किंचित वर. सत्तरीला पाऊण भागापाशी. शंभर पूर्ण झाले तेव्हा बरोबर ४/४ वर, पलीकडे नाही. डॅशबोर्डच्या टोकाला १७९ ओहम. शून्याच्या बाजूचं अजून बघायचंय, ते किनाऱ्याजवळ, कॅन भरून बरोबर घेऊन बघेन.

पण लिहायला आले ते वेगळ्याच कारणासाठी. बाबांना ही सगळी हकिगत फोनवर सांगितली. ते ऐकून थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "काटा चार-चतुर्थांशावरून सुटला की जवळजवळ निम्मी संपलेली असते, हे मी तुला सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं. त्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायची गोष्ट आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नाही. ते काट्यावर नाही, वहीवर चालायचे. किती तास इंजिन चाललं, किती लिटर भरलं. ती वही कपाटात होती. काल त्यांनी मला दिली.

त्यात दर काही पानांनी एक ओळ आहे: "काटा सुटला", आणि पुढे तोपर्यंत किती लिटर गेले ते. सुरुवातीच्या वर्षांत "काटा सुटला, २४ गेले". मधल्या पानांवर ३० आणि ३३. शेवटच्या पानांवर, अक्षर वाकडं झालेलं आहे तिथे, ४२ आणि ४४.

ओहमवाले, हे तेच आहे ना जे मला वाटतंय?

---

ओहमवाला · रविवार, रात्री ८.४०

तेच आहे.

काटा ४/४ वरून कधी सुटतो? सेंडरचे आणि चोराचे ओहम मिळून १८० च्या खाली आले की. चोवीस लिटर गेल्यावर सुटत होता, तेव्हा त्या जोडात साधारण पस्तीस ते चाळीस ओहम असणार. चव्वेचाळीस गेल्यावर सुटायला लागला, तोपर्यंत सत्तरीला पोचले. तुमच्या बाबांनी एकोणीस वर्षं मल्टीमीटरशिवाय त्या जोडाचा कळंक मोजून ठेवलाय, पेट्रोलच्या लिटरमध्ये.

वही चालू ठेवा. कळंक परत कुठे धरायला लागला तर गेजच्या आधी ती ओळ सांगेल.

---

सुकाणू · रविवार, रात्री ९.०५

आज नवीन पान उघडलं. तारीख, वायर बदलली, भरलेल्या टाकीला १७९ ओहम. उद्या सकाळी बाबांना बोटीवर घेऊन जातेय. ते पुढे बसतील, आकडे मुलगा वाचून दाखवेल. "काटा सुटला" समोर किती लिटर येतात ते परत आल्यावर लिहिते.